पांढऱ्या राखेचे गणित

जिथे कधीच बर्फ पडत नाही अशा एखाद्या बेटावर अचानक आकाशातून पांढरा भुगा पडायला लागला, तर तुम्ही काय कराल? खरं सांगा हं! हात पुढे कराल, तोंडावर झेलाल, मित्राच्या अंगावर उधळाल. प्रशांत महासागरातल्या रोंगेलॅप नावाच्या छोट्याशा बेटावरच्या मुलांनी १ मार्च १९५४ या दिवशी अगदी हेच केले. ती त्या पांढऱ्या भुग्यात मनसोक्त खेळली.

तो बर्फ नव्हता. त्याच दिवशी पहाटे, तिथून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या बिकिनी या प्रवाळबेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली होती. या चाचणीचे नाव होते 'ब्राव्हो'. शास्त्रज्ञांचा अंदाज होता की स्फोट पाच-सहा मेगाटन ताकदीचा होईल. प्रत्यक्षात तो निघाला १५ मेगाटनचा, म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या साधारण हजारपट! स्फोटाने बेटावरच्या प्रवाळाचा, म्हणजे चुनखडीचा, चक्काचूर करून तो आकाशात उंच फेकला. बॉम्बमधून निघालेली किरणोत्सारी द्रव्ये त्या भुग्याला चिकटली. वाऱ्याने तो भुगा पूर्वेकडे वाहून नेला आणि काही तासांनी रोंगेलॅपवर पांढरी राख पडू लागली.

बेटावरच्या साठाहून अधिक माणसांना कोणीच काही सांगितले नव्हते. राख घामेजल्या अंगाला चिकटली, केसांत बसली, पिण्यासाठी साठवलेल्या पावसाच्या पाण्यात पडली. थोड्याच वेळात लोकांना मळमळू लागले, उलट्या झाल्या, अंगाला खाज सुटली. पुढे कातडीवर भाजल्यासारख्या जखमा झाल्या आणि केस गळाले. साधारण दोन दिवसांनी अमेरिकन जहाजाने त्यांना तिथून हलवले.

आता याच गोष्टीचा दुसरा भाग ऐका. रोंगेलॅपच्या पलीकडे रोंगेरिक नावाचे आणखी एक बेट आहे. तिथे हवामानाची निरीक्षणे करणारे २८ अमेरिकन सैनिक होते. राख त्यांच्यावरही पडली. पण ती कसली आहे याची त्यांना कल्पना होती. त्यांनी अंघोळ केली, अंगभर कपडे घातले आणि जमेल तितका वेळ ते ॲल्युमिनियमच्या खोल्यांत बसून राहिले. त्यांना बेटावरून हलवलेही लवकर. डॉक्टरांनी नंतर अंदाज काढला, तेव्हा रोंगेलॅपच्या लोकांना सुमारे १७५ राँटजेन इतकी किरणांची मात्रा मिळाली होती, तर सैनिकांना सुमारे ७८. राँटजेन हे किरणांची मात्रा मोजण्याचे जुने माप आहे. रोंगेरिक थोडे अधिक दूर होते हे खरे, पण फरक फक्त अंतराचा नव्हता. एका बेटावर माहिती होती, दुसऱ्यावर नव्हती.

त्याच दिवशी एक जपानी मासेमारी बोटही त्या राखेत सापडली. तिच्यावर २३ खलाशी होते. गंमत पाहा, म्हणजे गंमत कसली, दुर्दैवच ते! ही बोट अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. नकाशावर आखलेली रेघ राखेने पाळली नाही. बोटीवरचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरात मरण पावले. सारे जग हादरले आणि सगळीकडे एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : अशी राख आपल्या गावावर आली, तर माणसे वाचवता येतील का?

प्रयोग करता येत नाही, मग?

युद्धाच्या किंवा मोठ्या संकटाच्या वेळी सामान्य नागरिकांचे जीव वाचवण्यासाठी जी व्यवस्था असते, तिला 'नागरी संरक्षण' म्हणतात. भोंगा वाजवणे, लोकांना आडोशाला नेणे, पाणी-अन्न पुरवणे, जखमींची सोय लावणे हे सगळे त्यात येते. पण ही व्यवस्था चांगली की नुसती कागदावरची, हे ठरवायचे कसे? माणसांवर किरणोत्सारी धूळ टाकून तर पाहता येत नाही! म्हणून शास्त्रज्ञांनी गणिताचा आधार घेतला. धूळ कुठे पडेल, किती काळ किरणे सोडेल आणि भिंतीच्या आत त्यातली किती पोहोचतील, हे आकड्यांत मांडायचे आणि मग उत्तर काढायचे. याला 'गणिती मॉडेल' म्हणतात. पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्ये घर लहान करून दाखवतात, गणिती मॉडेलमध्ये घडणारी घटना आकड्यांतून दाखवतात, इतकाच फरक.

या मॉडेलमध्ये तीन मोठे प्रश्न असतात : वारा, वेळ आणि भिंत. एकेक पाहू या.

पहिला प्रश्न : वारा

पुष्कळांना वाटते की बॉम्ब पडला की कंपासने वर्तुळ काढावे आणि आतल्या माणसांना धोका, बाहेरची सुरक्षित, असे म्हणून मोकळे व्हावे. स्फोटाची उष्णता आणि धक्का यांच्यासाठी अशी वर्तुळे काही प्रमाणात चालतात. किरणोत्सारी धूळ मात्र वाऱ्याचे ऐकते.

हे समजायला एक सोपा प्रयोग करा. फरशीवर खडूने चौकटी आखा. टेबलफॅन हळू लावा. जाडी वाळू आणि बारीक रांगोळी एकत्र करून स्टुलावर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला ती पंख्यापुढे मुठीतून हळूहळू सोडायला सांगा. तुम्ही पंख्याच्या मागे उभे राहा, म्हणजे डोळ्यांत काही जाणार नाही. आता प्रत्येक चौकटीत काय पडले ते पाहा. जाडे कण जवळ पडतील, बारीक कण लांब जातील आणि एकूण आकार गोल न होता लांबट होईल. पंखा थोडा वळवलात तर तो लांबट पट्टाही वळेल. ज्या चौकटीत मघाशी काहीच नव्हते, तिथे आता रांगोळी असेल.

खऱ्या मॉडेलमध्ये एक अडचण जास्त असते. आकाशात वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशांनी वाहतो. उंचावरून निघालेला कण खाली येईपर्यंत यातल्या प्रत्येक थरातून जातो. म्हणून मॉडेलमध्ये कणाचा आकार, तो किती उंचीवरून निघाला आणि वाटेतले सगळे वारे भरावे लागतात. 'ब्राव्हो'च्या राखेने समुद्रावर सुमारे १८ हजार चौरस किलोमीटरचा लांबट पट्टा धोकादायक करून टाकला होता.

दुसरा प्रश्न : वेळ

धूळ पडली म्हणजे ती कायम तितकीच घातक राहते का? नाही. तिच्यातली पुष्कळशी द्रव्ये झपाट्याने विझत जातात. अणुबॉम्बच्या धुळीसाठी शास्त्रज्ञांनी एक सोपा नियम बसवला आहे. तो तुम्ही तोंडपाठ करू शकाल : वेळ सातपट झाला की किरणांचा जोर दहावा हिस्सा उरतो.

समजा, स्फोटानंतर एका तासाने एखाद्या गावात उघड्यावर दर तासाला ३०० राँटजेन इतका जोर आहे. मग,

७ तासांनी उरेल ३०;
४९ तासांनी, म्हणजे साधारण दोन दिवसांनी, उरेल ३;
३४३ तासांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, उरेल ०.३.

पाहिलंत? सात, सात गुणिले सात, सात गुणिले सात गुणिले सात! वर्गात घातांक शिकवताना मुले हमखास विचारतात, "बाई, याचा उपयोग काय?" हा पाहा उपयोग. दोन आठवड्यांत उघड्यावर जेवढी मात्रा मिळेल, त्यातला जवळजवळ चार-पंचमांश भाग पहिल्या दोन दिवसांतच मिळतो. म्हणजे पहिले दोन दिवस सर्वांत मोलाचे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. हा नियम बॉम्बच्या धुळीचा आहे, अणुऊर्जा केंद्रातल्या अपघाताचा नाही. तिथे बाहेर पडणाऱ्या द्रव्यांचे मिश्रण वेगळे असते आणि त्यातली काही फार हळू विझतात. सोविएत युनियनमधल्या चेर्नोबिल केंद्रात २६ एप्रिल १९८६ रोजी अपघात झाला, त्याच्या जवळचे प्रिप्यत शहर दुसऱ्या दिवशी रिकामे केले आणि ते पुन्हा वसलेच नाही. चुकीच्या ठिकाणी बरोबर सूत्र लावले, तरी उत्तर चूकच येते.

तिसरा प्रश्न : भिंत

किरणे भिंतीतून आरपार जातात, पण सगळी नाही. भिंत जितकी जाड आणि जड, तितकी ती अधिक किरणे अडवते. साधारण ९ सेंटिमीटर दाबून बसवलेली माती या धुळीची निम्मी किरणे अडवते. काँक्रीट असेल तर साधारण ६ सेंटिमीटर पुरते. आणखी ९ सेंटिमीटर माती घातली, तर उरलेल्यांतली निम्मी. म्हणजे आता पाव उरली. असे निम्मे-निम्मे करत जा : अर्धा, पाव, एक-अष्टमांश... दहा थर झाले की उरतो १०२४ वा भाग! आणि दहा थर म्हणजे किती? ९० सेंटिमीटर, जेमतेम तीन फूट माती. सोन्याचांदीची नव्हे, साधी आपली माती!

एखादी जागा किरणे किती कमी करते, हे सांगायला एक अंक वापरतात. त्याला आपण 'संरक्षणांक' म्हणू. संरक्षणांक १० म्हणजे बाहेर जितकी मात्रा, तिचा दहावा भाग आत. साध्या लाकडी घराचा संरक्षणांक जेमतेम २ ते ३ असतो. घराखालच्या तळघराचा १० किंवा त्याहून थोडा जास्त.

पण घराचा हा अंक काढायचा कसा? विषारी धूळ पसरून तर बघता येत नाही. अमेरिकेतल्या तंत्रज्ञांनी एक नामी युक्ती केली. त्यांनी खऱ्या घरांभोवतीच्या जमिनीवर लांबच लांब नळी वेटोळी घालून अंथरली. त्या नळीतून किरणोत्सारी कोबाल्टची बंद कुपी पाण्याच्या दाबाने फिरवली. घरात जागोजागी मात्रामापके ठेवली होती. कुपी सगळीकडे फिरून आली की जणू चहूकडे धूळ पसरल्यासारखे माप मिळे, आणि धूळ मात्र एक कणही नाही! अशी मापे आणि लुइस स्पेन्सर या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेली गणिते यांच्या आधारे इंजिनिअर नकाशा पाहून इमारतीचा संरक्षणांक काढू लागले.

जुलै १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी देशभर आडोशाच्या जागा शोधण्यासाठी पैसे मागितले. मग शाळा, कचेऱ्या, मोठ्या इमारतींची तळघरे यांची पाहणी सुरू झाली. ज्या जागांचा संरक्षणांक निदान ४० भरला, त्यांवर काळ्या-पिवळ्या त्रिकोणांची पाटी लागली. आत पाण्याची पिंपे आणि बिस्किटांचे डबे ठेवले गेले.

आता आपण मॉडेल करू

वही-पेन्सिल घ्या. आपण एक काल्पनिक गाव घेऊ. सगळी धूळ स्फोटानंतर एका तासाने पडली आणि तेव्हा जोर तासाला ३०० राँटजेन होता, असे मानू. इमारती शाबूत आहेत असेही मानू. मॉडेल करताना काय काय मानले, ते आधी लिहून ठेवायचे असते. नाहीतर उत्तर वाचणाऱ्याची फसगत होते.

वरचा साताचा नियम लावून दोन आठवड्यांची बेरीज केली, तर उघड्यावर एकूण मात्रा येते सुमारे १०३० राँटजेन. थोड्या काळात साधारण ४५० राँटजेन मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावू शकतात. तेव्हा उघड्यावरचा माणूस वाचणे जवळजवळ अशक्य.

आता कुटुंबे पाहा.

पहिले कुटुंब लाकडी घरात आहे, संरक्षणांक ३. त्यांना मिळतील सुमारे ३४५. सगळे फार आजारी पडतील आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यातले काही वाचणार नाहीत.

दुसरे कुटुंब तळघरात आहे, संरक्षणांक १०. त्यांना मिळतील सुमारे १००. काहींना मळमळ, उलट्या होतील, पण बहुतेक सगळे तगतील.

तिसरे कुटुंब पाटी लावलेल्या आडोशात आहे, संरक्षणांक ४०. त्यांना मिळतील सुमारे २६. लगेच आजार दिसणार नाही. पुढे अनेक वर्षांनी कर्करोगाचा धोका मात्र थोडा वाढतो.

इथपर्यंत सोपे आहे. जाड भिंत चांगली, हे सांगायला गणित कशाला हवे, असे तुम्ही म्हणाल. थांबा! खरी मेख पुढे आहे.

चौथे कुटुंबही त्याच पाटीच्या आडोशात आहे, संरक्षणांक ४०. पण तिथले पाणी संपले. स्फोटानंतर चार तासांनी वडील पाणी आणायला बाहेर गेले आणि तासाभराने परतले. त्या एका तासात त्यांना मिळाले सुमारे ५०. म्हणजे दोन आठवडे आत बसून जेवढे मिळाले असते, त्याच्या जवळजवळ दुप्पट एका फेरीत! त्यांची एकूण बेरीज ७५ च्या घरात गेली. हीच फेरी त्यांनी दोन दिवसांनी मारली असती, तर तासाला ३ च मिळाले असते.

पाचव्या कुटुंबाची गोष्ट तर विचार करायला लावणारी आहे. त्यांच्या गल्लीतही तोच पक्का आडोसा आहे, संरक्षणांक ४०. पाणी भरपूर आहे. पण भोंगा त्यांच्या वस्तीपर्यंत ऐकू आला नाही. धूळ पडायला लागल्यावर दोन तास ती माणसे अंगणातच होती. मग कोणीतरी सांगितले आणि ती आत गेली. त्यांची बेरीज करून पाहा. बाहेरच्या दोन तासांत सुमारे २९६ आणि नंतर आत साधारण १८. एकूण जवळजवळ ३१५!

लाकडी घरातल्या पहिल्या कुटुंबाला किती मिळाले होते? ३४५. म्हणजे निरोप दोन तास उशिरा पोहोचला आणि एवढ्या खर्चाने बांधलेला पक्का आडोसा लाकडी घराच्या पंगतीला येऊन बसला.

नागरी संरक्षणाची परीक्षा अशी घेतात. नुसत्या भिंती मोजून भागत नाही. भोंगा, रेडिओ, पाण्याचे पिंप, संडासाची सोय, आजीला हाताला धरून नेणारा शेजारी हे सगळे गणितात घालावे लागते. साखळीतली कुठली कडी कच्ची आहे ते मॉडेल दाखवते. आणि पुष्कळदा ती कडी सिमेंटची नसते, निरोपाची असते.

एकच प्रश्न, दोन उत्तरे

मॉडेलमध्ये काय मानता, त्यावर उत्तर किती बदलते, हे ब्रिटनमध्ये दिसले. १९८० मध्ये तिथल्या सरकारने 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' नावाची पुस्तिका विकायला काढली. घरातली दारे काढून भिंतीला तिरकी लावा, त्यावर मातीच्या पिशव्या आणि पुस्तके रचा आणि त्या आडोशात राहा, असा सल्ला तिच्यात होता. देशभर सुमारे ८७० भूमिगत निरीक्षण केंद्रेही होती. तिथे स्वयंसेवक धुळीचे माप घेऊन ते मुख्यालयाला कळवणार होते. म्हणजे मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष माप यांची सांगड घालायची तयारी होती. शीतयुद्ध संपत आल्यावर १९९१ मध्ये हे काम थांबवण्यात आले.

पण काही अभ्यासकांनी विचारले, स्फोटाच्या धक्क्याने घराच्या खिडक्या फुटल्या, कौले उडाली तर? मग त्या घराचा संरक्षणांक पुस्तकातल्याइतका कसा राहील? स्टॅन ओपनशॉ, फिलिप स्टेडमन आणि ओवेन ग्रीन यांनी संगणकावर स्वतःचे मॉडेल करून १९८३ मध्ये 'डूम्सडे' हे पुस्तक लिहिले. सरकारचे अंदाज फार आशावादी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने एक अहवाल काढला. एक मेगाटनचा एकच बॉम्ब देशावर पडला, तरी होणाऱ्या जखमींना सांभाळणे देशाच्या आरोग्यसेवेला झेपणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पाहा, मॉडेल कधीकधी असेही उत्तर देते : 'या संकटावर पुरेसा उपाय नाही, ते येऊच देऊ नका.'

डबा, वर्ख आणि दोरा

निरोप येण्याची वाट न पाहता घरातच माप घेता आले तर? अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्रेसन कर्नी यांनी १९७० च्या दशकात घरगुती मापक तयार केला. रिकामा पत्र्याचा डबा, दोऱ्यावर टांगलेले ॲल्युमिनियमच्या वर्खाचे दोन तुकडे आणि तळाशी हवा कोरडी ठेवण्यासाठी भाजलेले जिप्सम. घर्षणाने तयार केलेली वीज वर्खांना दिली की ते एकमेकांपासून दूर सरकतात. तुम्ही फुगा केसांवर घासून हा खेळ केलाच असेल. किरणे डब्यातल्या हवेतून गेली की ती वीज हळूहळू निघून जाते आणि वर्ख पुन्हा जवळ येतात. ते किती वेळात किती जवळ आले, यावरून बाहेरचा जोर कळतो. ना बॅटरी, ना सुटे भाग!

गणित होते, निरोप नव्हता

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये मोठा भूकंप आणि त्सुनामी आली आणि फुकुशिमाच्या अणुऊर्जा केंद्राला अपघात झाला. वाऱ्याबरोबर किरणोत्सारी द्रव्ये कुठे जातील, हे सांगणारी 'स्पीडी' नावाची संगणक-यंत्रणा जपानकडे आधीपासून होती. ती चाललीही. पण केंद्रातून नेमके किती द्रव्य बाहेर पडते आहे हे कळत नव्हते, म्हणून अधिकाऱ्यांनी ते आकडे कच्चे मानले आणि ते लोकांपर्यंत वेळेवर गेले नाहीत. नामिए गावातली पुष्कळ माणसे केंद्रापासून दूर म्हणून त्सुशिमा भागात जाऊन राहिली. तिथे मुले बाहेर खेळली. १५ मार्चला वारा नेमका त्याच दिशेने किरणोत्सारी ढग घेऊन गेला. किती, हे मॉडेलला ठाऊक नव्हते. पण कुणीकडे, हे ते सांगू शकले असते.

रोंगेलॅपबाबत आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. तो १७५ चा आकडा बाहेरून आलेल्या किरणांचा होता. अन्नपाण्यातून पोटात गेलेले किरणोत्सारी आयोडिन त्यात धरले नव्हते. हे आयोडिन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठते. राखेत खेळलेल्या लहान मुलांपैकी बहुतेकांना पुढे थायरॉइडच्या गाठी झाल्या. गणितात जे धरलेच नाही, ते मुलांच्या वाट्याला आले. १९५७ मध्ये लोकांना बेटावर परत नेले, पण भीती गेली नाही. १९८५ मध्ये त्यांनी आपले बेट पुन्हा सोडले. आजही मार्शल बेटांवर १ मार्च हा स्मृतिदिन म्हणून पाळतात.

'ब्राव्हो'नंतर महिन्याभरातच, एप्रिल १९५४ मध्ये, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली. अणुस्फोटाचे परिणाम काय होतात, याचा अभ्यास करून डॉ. दौलतसिंग कोठारी यांनी तयार केलेले पुस्तक भारत सरकारने १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. १९६३ मध्ये हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या न करण्याचा करार झाला आणि त्यावर भारतानेही सही केली. आज मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली मापके देशभर हवेतला किरणोत्सर्ग मोजत असतात. तारापूरसारख्या अणुऊर्जा केंद्रांच्या परिसरात आपत्कालीन सरावही घेतले जातात.

असा सराव तुमच्या शाळेतही आगीसाठी किंवा भूकंपासाठी होत असेल. पुढच्या वेळी दोघातिघांनी घड्याळ आणि वही घेऊन उभे राहा, अर्थातच बाईंना किंवा सरांना विचारून. घंटा वाजल्यापासून पहिला वर्ग किती सेकंदांनी बाहेर आला ते लिहा. शेवटचा वर्ग केव्हा आला ते लिहा. मैदानाच्या पलीकडच्या बालवाडीत घंटा ऐकू गेली का? ज्याला नीट ऐकू येत नाही, त्या मित्राला कोणी सांगितले? कुबडी घेऊन चालणाऱ्या मैत्रिणीला किती वेळ लागला? सगळ्यांची सरासरी काढू नका. सर्वांत उशिरा बाहेर आलेल्या मुलाचे सेकंद ठळक लिहा आणि ते कमी कसे करता येतील, ते आईबाबांना आणि शिक्षकांना सुचवा.